झाकणातली रेघ

आमची सहा वर्षांची छकुली दुपारी बाहुलीला औषध पाजत होती. बाटलीच्या झाकणात तिनं पाणी ओतलं, ते पाटावर ठेवलं आणि ओणवी होऊन डोळा झाकणातल्या रेघेच्या बरोबर आणला. माझ्या हातातलं लाटणं थांबलं.

असं वाकायला मला तिसरीत बाईंनी शिकवलं. मापांचा धडा होता. बाईंनी घरून पोह्यांचा चमचा आणि औषधाचं झाकण आणलं होतं.

"चमचा म्हणजे चमचा, त्यात काय मोजायचं?" आम्ही म्हणालो.

"मग भरून बघा की!"

पाचाच्या रेघेपर्यंत भरलेली दोन झाकणं त्या एका चमच्यात मावली.

चौथीनंतर माझी शाळा सुटली. लग्न होऊन या तमिळ मुलखात आले, तर दुकानांच्या पाट्याही वाचता येईनात. छकुली वर्षाची असताना तापानं फणफणली. डॉक्टरांनी पाच बोटं दाखवून औषध दिलं. बाटलीवरचं अक्षर कळेना, आकडे तेवढे ओळखीचे.

"घाल की एक चमचा, घाबरतेस काय!" हे म्हणाले.

हातात पोह्यांचाच चमचा होता. तो खाली ठेवून मी झाकणातला पाच शोधला.

अजूनही औषध ओतताना मी रेघ दोनदा बघते. बाई आता कुठं असतात ठाऊक नाही, नाहीतर हे त्यांना सांगितलं असतं.

पाटापाशी छकुली बाहुलीला दटावत होती, "गप बस गं! आधी मोजू दे. चमचा म्हणजे चमचा नसतो."