दोन पियानो आणि राजानंदची लय

टेंभुर्णीच्या राजानंद बोर्डेचं नाव निघालं की लोक त्याच्या लयीबद्दल बोलत. दिवसा तो जाफराबादच्या एका शाळेत लिपिक. पण सव्वीस वर्षं भीमगीतांच्या पार्टीत कीबोर्ड वाजवत होता. ढोलकीवाला घाई करो की गायक अंतऱ्यात चुको, राजानंदची चाल ढळत नसे. बाकीचे चाचपडत पुन्हा त्याच्यापाशी येत.

त्याची मुलगी प्रियदर्शनी संभाजीनगरला पियानो शिकत होती. शेवटच्या परीक्षेसाठी तिनं दोन पियानोंची रचना निवडली आणि जोडीची मुलगी आजारी पडली. वीस दिवस उरले होते. ती घरी आली, वडिलांना म्हणाली की आता दुसऱ्या पियानोवर तुम्हीच बसा.

रचना त्याला लगेच पाठ झाली. आठ सुरांचा एकच तुकडा, पुन्हा पुन्हा. दोघांनी एकदम सुरू करायचं. राजानंदनं शेवटपर्यंत एकाच चालीनं वाजवायचं. प्रियदर्शनीनं मात्र अगदी किंचित जलद व्हायचं. इतकं हळूहळू, की आधी सूर नुसता जाड झाल्यासारखा वाटावा, मग त्याचा पडसाद उठावा, मग सगळा गलबला व्हावा. ती बरोबर एक सूर पुढं पोचली की गलबला निवळायचा. मग तिनंही त्याचीच चाल धरायची. त्याच्या पहिल्या सुरावर आता तिचा दुसरा पडायचा, आणि दोघांच्या मधून कुणीच न वाजवलेली तिसरी धून ऐकू यायची. अशा आठ पायऱ्या ती सरकली की दोघं पुन्हा एकत्र.

"मला तर काहीच करायचं न्हाई यात," राजानंद म्हणाला.

पहिल्याच संध्याकाळी दोघं घरच्या कीबोर्डवर शेजारी बसले आणि तिनं मधेच वाजवणं थांबवलं. "पप्पा, तुम्ही माझ्यामागं येऊन राह्यले."

त्याला ते पटेना. तिनं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकवलं. ती पुढं निघाली की तोही निघत होता, दर वेळी, नकळत.

तेव्हापासून त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. शाळेत दाखला लिहिताना बोटं टेबलावर तेच आठ सूर वाजवत. एका मुलीचं नाव त्यानं दोनदा लिहिलं. जेवताना तो मधेच उठून कीबोर्डपाशी जाई. बायको रूपाली म्हणाली, कानात कापूस घाला. त्यानं तेही केलं, मग कापूस काढून टाकला. इतकी वर्षं सगळे आपल्याकडं परत येत होते म्हणून आपण स्थिर होतो, हे त्याला कळलं होतं. ही पोर परत येणारच नव्हती.

शेवटी प्रियदर्शनीनं उपाय सांगितला: माझ्याकडं लक्ष देऊ नका, तुमच्या डाव्या करंगळीखालचा सूर तेवढा धरा. करंगळीवर जीव एकवटून तो आठही पायऱ्या टिकू लागला. टिकला की हुश्श वाटे; बरं मात्र वाटत नसे.

परीक्षेच्या दिवशी चार पायऱ्या नीट झाल्या. पाचवीसाठी ती सरकू लागली आणि राजानंदची करंगळी सुटली. तो तिच्यामागं निघाला. प्रियदर्शनीच्या ते त्याच क्षणी लक्षात आलं. दोघंही धावले असते तर सगळं कोसळलं असतं; म्हणून तीच जुन्या चालीवर थांबली. आता पळणारा तो होता. त्याला परतता आलं असतं. तो परतला नाही. चार सुरांचं अंतर तीनवर आलं, मग दोनवर, मग एकावर. आणि दोघं उलट्या वाटेनं एका सुरावर येऊन थांबले.

परीक्षकांनी विचारलं, हे लिहिल्याप्रमाणं का वाजवलं नाही. प्रियदर्शनीनं, चूक झाली, एवढंच सांगितलं. ती पास झाली, पण मनात धरलेला पहिला नंबर गेला.

बसस्टँडवर ती त्याला सोडायला आली. मग म्हणाली, "तुम्हाला थांबता आलं असतं ना, पप्पा?"

"आलं असतं," तो म्हणाला. "थांबावं वाटलं न्हाई."

ती रागानं होस्टेलवर निघून गेली. भोकरदनला उतरून तो कठड्यावर बोटं वाजवत बसला आणि समोरून जाफराबादची बस निघून गेली. शेअर जीपनं घरी पोचला, तोवर दिवे लागले होते. रूपालीनं कसं झालं विचारलं. माझ्यामुळं तिचे मार्क गेले, असं त्यानं सरळ सांगितलं. चहा तसाच ठेवून त्यानं रूपालीलाच कीबोर्डपाशी बसवलं, दाबायच्या दोन पट्ट्या दाखवल्या.

"तू हेच वाजवत राह्य," तो म्हणाला. "मी कुठंबी गेलो तरी."