तीनदा निघायची रीत

माझ्या मुलीने इंग्लंडमध्ये नोकरी धरली आणि तिथलाच इंग्रज जावई आणला. दोघं पहिल्यांदा सोलापूरला येणार म्हटल्यावर मी मोबाइलवर इंग्रजी बोलायचे धडे ऐकायला लागलो. ऑफिसातलं इंग्रजी मला येतं, पण ते कागदावरचं. जावई समोर बसल्यावर 'सोबत जोडले आहे' असली वाक्यं काय कामाची?

त्यातला एक धडा मला फार पटला. एखादी गोष्ट करायची वेळ झाली, हे इंग्रज लोक कसं सांगतात, याचा. 'इट्स टाइम टू गो' म्हणजे जायची वेळ झाली, नुसती माहिती. 'इट्स टाइम वी लेफ्ट' म्हणजे आपण एव्हाना उठायला हवं होतं. आणि 'इट्स हाय टाइम वी लेफ्ट' म्हणजे आता अती झालं, कधीच निघायला हवं होतं. उशीर किती झाला तेही वाक्यातच मोजून दिलेलं. असा चोखपणा मला आवडतो. शिवाय कोणी कोणाला घालवतंय असं होत नाही. वेळ आली, तिला कोण काय करणार!

आमच्याकडे याच्या उलट. पाहुणा 'निघतो' म्हणाला की घरच्यांनी 'बसा की हो' म्हणायचं. हे पहिलं निघणं कोणी धरतच नाही. दुसऱ्यांदा म्हणाला की चहा ठेवायचा. तिसऱ्यांदा म्हणाला तर तो खरंच निघाला असं समजायचं, मग बायका ओटीचं ताट करायला उठणार. आणि घरच्यांनी, त्यातही सासऱ्याने, आपण होऊन 'निघा आता' म्हणणं तर पापच. आयुष्यभर मी या रीतीवर चिडत आलो आणि आयुष्यभर ती पाळत आलो.

परतीच्या दिवशी त्यांना संध्याकाळची मुंबईची गाडी पकडायची होती आणि पहाटे विमान. मुलीला लगेच नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. इकडे यायचं म्हणून तिने तारीख एकदा पुढे ढकलून घेतली होती. पुन्हा ढकलणार नाही, असं कंपनीने स्पष्ट कळवलं होतं. गाडी चुकली की विमान चुकणार आणि विमान चुकलं की नोकरी. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बॅगा मी वजनकाट्यावर तोलून दाराशी ठेवल्या होत्या. रिक्षा फाटकात उभी होती.

मोहोळहून माझी थोरली बहीण, आक्का, आली होती. तिने शेंगापोळ्या करून आणल्या होत्या आणि जावयाच्या ताटात एकेक वाढत होती. जावयाने घड्याळ पाहिलं आणि हसून म्हणाला, "इट्स टाइम टू गो."

"काय म्हणत्यात जावईबापू?" आक्काने विचारलं.

"निघायचं म्हणतोय, आत्या."

"जातील की! बसा म्हणावं. गाडी काय पळून जातीय?"

गाडी पळूनच जाते, आक्का, तिचं कामच ते आहे, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बायकोने डोळे वटारले. जावई बिचारा बसला. थोड्या वेळाने तो अर्धवट उठला. "इट्स टाइम वी लेफ्ट, रिअली." मी मनात म्हटलं, बघा, एक पायरी वर गेला! पण ऐकणार कोण? बायको चहा ठेवायला आत गेली. तिच्या हिशेबाने हे दुसरं निघणं होतं.

मी मुलीकडे पाहिलं. तिने कपाळावर हात मारून घेतला, पण उठली नाही. माहेरी आलेल्या लेकीने आपण होऊन पहिली पिशवी उचलायची नसते. आक्काने तो टोमणा पुढची दहा वर्षं जपून ठेवला असता. "तू सांग की त्याला, तिसऱ्यांदा म्हण म्हणून," मी हळूच म्हणालो.

"बाबा, त्याला वाटतंय तुम्हीच सोडत नाही आहात. आता परत म्हणणं उद्धटपणा होईल म्हणतो."

म्हणजे झालं! तो आमचा मान राखत होता, आम्ही त्याचा, आणि बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. चहा आला. जावई तो प्यायला. आक्काने ताटात आणखी एक पोळी टाकली.

मी उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने जावयाला म्हणालो, "इट्स हाय टाइम यू लेफ्ट!"

जावयाचे कान लाल झाले. मुलीने तोंडावर पदर धरला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, 'वी' म्हणायच्या जागी 'यू' म्हटल्यावर ते वाक्य थेट जावयालाच हाकलत होतं.

"काय म्हणला गं ह्यो?" आक्काने विचारलं.

मुलीने तोंडावरचा पदर खाली घेतला. मग म्हणाली, "बाबा म्हणतात, ओटी भरा आत्या."

"मग मराठीत सांगायला काय झालतं ह्याला? मी कवाची वाट बघतीया!"

आक्का उठली, तशी सगळीच उठली. तांदूळ, नारळ, खण, कुंकू, सगळं धावतपळत. ओटी घेतलेल्या पदरानेच मुलगी माझ्या पाया पडली, आणि मी "पोहोचलीस की फोन कर" एवढंच म्हणालो. स्टेशनवर आम्ही जिना पळत उतरलो. डब्यात बॅगा टाकल्या आणि गाडी हलली. दारातून जावई ओरडला, "सॉरी, बाबा!" कशाबद्दल, ते त्यालाच ठाऊक. माफी मागायची तर मीच मागायला हवी होती.

घरी बायको म्हणाली, "काय पण बाप! पोरीला घालवून आलात."

पोरीची नोकरी वाचली, हे मी तिला समजावत बसलो नाही.

सकाळी आक्काने पिशवी उचलली. "निघते मी. मोहोळची एसटी जाईल."

मुलीच्या खोलीचं दार उघडंच होतं, आत पलंगावरची चादर कुणी अजून झटकली नव्हती. मी म्हणालो, "बस की, आक्का."

आक्का बसली. चहा ठेवायला मीच आत गेलो.