मोटारीच्या चाकांना तेल

रबराला तेल चालत न्हाई, हे तुमच्यातल्या एकीनं तरी सांगायचं व्हतं! असू द्या. बायांनो, रामराम. वाचून झालं की पत्र पुढच्या घरी धाडा.

आज खंडेनवमी. पूजेसाठी करीमभाई डायवरनं लेकाची मोटार अंगणात धुतली. चाकं घासघासून काढली, तरी मला कोरडीच दिसली. विहिरीवरच्या मोटंच्या चामड्याला चोपडतो, तसं मी चारी टायरांना करडीचं तेल चोपडलं.

करीमभाई म्हणला, "अम्मा, तेल रबर को खाता."

मी म्हणलं, "आळशाला कारणं लई!"

दुपारी आम्ही तिघं मोटारीतनं निघालो, तर नाल्याच्या उतारावर चाकं घसरली आन मोटार बाभळीवर आदळली. कुणाला लागलं न्हाई. लेक कडाडला, "तेल कुणी लावलं?"

करीमभाईनं माझ्याकडं पाह्यलं आन म्हणला, "मेरी गलती, साब."

लेकानं त्याला कामावरून काढलं. माझी एवढी लांब जीभ, पण हलली न्हाई.

आता जायच्या आधी तो राखेनं चाकं घासून राह्यलाय. पत्र मिटलं की लेकाला खरं सांगते. पण करीमभाईपुढं तोंड कसं उघडू? जिनं कधी नोकराची माफी मागितली असंल, तिनंच जवाब लिहावा. बाकीच्यांनी गप बसावं.