ताकाच्या सऱ्या

टोमॅटोच्या पानांवर टॉनिक फवारलं तर फळं खरंच वाढतात का, हे मला शोधायचं होतं. शेतकी पदवीचा शेवटचा प्रकल्प होता, फसला तर वर्ष वाया. प्रयोगाला जागा हवी म्हणून मी धसईजवळचं आमचं भाताचं खाचर ताईकडे मागितलं. आई-बाबा गेल्यापासून शेत माझी ही मोठी बहीणच बघते, नांगरणीपासून बाजारापर्यंत.

भात निघाल्यावर दोघींनी बारा सऱ्या काढल्या. सहांना समुद्रशेवाळाच्या अर्काचं टॉनिक, सहांना नुसतं पाणी. टॉनिकवाल्या सऱ्यांच्या बांबूंना मी लाल चिंधी बांधली, पाण्यावाल्यांना पांढरी. मी वसतिगृहात राहायचे. दर रविवारी येऊन फवारायचे, टेप लावून उंची घ्यायचे, फुलं मोजायचे. मधल्या दिवसांत ताईने फक्त शिंपणं करायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही, असं मी तिला बजावलं होतं. तिने मान हलवली. ती कशालाही मान हलवते आणि मग स्वतःच्या मनाचंच करते, हे माझ्या ध्यानात राहायला हवं होतं.

फुलोरा आला आणि माझं डोकं फिरलं. पांढऱ्या सऱ्या लाल सऱ्यांच्या तोडीस तोड उभ्या. पानं तशीच गर्द, घोस तेवढेच. वही दोनदा तपासली. बाटलीतला मालच बनावट असणार म्हणून दुकानदाराला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. माझा राग नाकावर असतो. दुकानदार समोर नव्हता हे त्याचं नशीब.

मग एका बुधवारी सुट्टी मिळाली आणि मी न कळवता सकाळच्या एसटीने आले. ताई खाचरात होती, पाठीवर पंप, तेही पांढऱ्या चिंध्यांच्या सऱ्यांत. पानांवरून पांढुरके थेंब ओघळत होते आणि आंबट ताकाचा वास बांधापर्यंत येत होता.

मी काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. माझं वर्ष बुडवलंस म्हणाले. आठवीत शाळा सोडलेल्या बाईने असल्या कामात हात घालू नये, इथपर्यंत गेले. तिने पंप उतरवून बांधावर टेकवला.

"एकाच वाफ्यात वाढलेली रोपं ती," ती म्हणाली. "अर्ध्यांना टॉनिक, अर्ध्यांना नुसतं पाणी. तू रविवारी येतेस, मी रोज बघते गो. मला नाय बघवलं."

आईने अंथरूण धरलं तेव्हा दोघींपैकी एकीने घरी राहायचं ठरलं होतं. ठरलं म्हणजे ताई राहिली, तिला कुणी विचारलंच नाही. वर्गात गणितात ती पहिली असायची. त्या जूनमध्ये माझं नवं दप्तर तिनेच बाजारातून आणलं होतं. त्या सकाळी बांधावर मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी तिच्याकडे मान वर करून बघू शकले नाही.

कॉलेजातल्या सरांना खरं ते सांगितलं. नुसत्या पाण्याच्या सऱ्याच उरल्या नाहीत तर तुलना कशाशी करणार, असं म्हणून त्यांनी प्रयोग पुढच्या हंगामात पुन्हा करायला लावला. वर्ष गेलंच.

यंदा सऱ्या अठरा आहेत. सहा टॉनिकच्या, सहा पाण्याच्या आणि सहा ताकाच्या. ताकाचं माप ताईने सांगितलं. पंपाला एक तांब्या, दर आठव्या दिवशी, ऊन चढायच्या आत. मी तिच्यासमोर ते वहीत उतरवलं. तिने वही हातात घेऊन सावकाश वाचली आणि मागच्या पानावर माझी बेरीज चुकली होती ती दाखवली.

पाण्याच्या सऱ्यांना तिने या खेपेला पाण्याखेरीज काहीही दिलं नाही. शिंपणं झालं की त्या बाजूच्या बांधाने ती जातच नव्हती, लांबून वळसा घालायची.

काल पहिला तोडा झाला. टॉनिकची फळं वजनाला भरली, ताकाची त्यांच्या मागोमाग, पाण्याची बारीकच निघाली. वह्या भरून झाल्या, बाजारासाठी क्रेट भरायला घेतले, तेव्हा ताईने ती बारीक फळं उचलून पदरात घेतली.

"ही नको देऊ बाजारात," ती म्हणाली. "ही घरात राहू दे."

संध्याकाळी त्यांचं सार मी केलं आणि पहिली वाटी ताईला वाढली.