जैसलमेरला आपलं कोण आहे?

आमच्या घरात कुठेही जायचं ठरलं की बाबा गाडी किती वाजताची, हे विचारत नाहीत. ते विचारतात, "तिथे आपलं कोण आहे?" आणि कोणी ना कोणी असतंच. आमचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून निघाले आणि वाटेत थोडे थोडे सांडत ग्वाल्हेरला पोचले, असं मला लहानपणी वाटायचं. इंदूरला आत्या, देवासला आत्याचे दीर, उज्जैनला बाबांचे मावसभाऊ, झाशीला आईची मैत्रीण (ती आता मावशीच झाली आहे), बडोद्याला एक काका, ज्यांच्याशी असलेलं नातं फक्त बाबांना सांगता येतं. पुण्याचं तर विचारूच नका. गेल्या वर्षी मला सव्विसावं लागलं, तोवर मी एकदाही हॉटेलच्या खोलीत झोपले नव्हते. बाबा हे लोकांना अभिमानाने सांगत.

ही सगळी माणसं चांगली आहेत. त्रास तोच आहे. ती स्टेशनवर घ्यायला येतात, हॉलमध्ये गाद्या घालतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी प्रेमाने म्हणतं, "ही बोलत का नाही?" मग मी काहीतरी बोलते. मग पुण्याची भावंडं म्हणतात, "ए, तुमच्याकडचं मराठी बोल ना!" शाळेत इंग्रजी, घरात मराठी, बाहेर हिंदी असं माझं झालं, तिन्ही भाषांत मी सारखीच गप्प असते. पण हे नातेवाइकांच्या घरात चहाच्या कपावर सांगता येत नाही. चहा नको, हेसुद्धा सांगता येत नाही.

मी ग्वाल्हेरच्या सिटी सेंटर भागात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढते. दिवसभरात चार-पाच वाक्यांत भागतं, म्हणून मला ते काम आवडतं. दिवाळीनंतरच्या एका दुपारी हातातलं काम संपलं होतं. मी स्क्रीनवर भारताचा नकाशा उघडला आणि मनातल्या मनात आमचे नातेवाईक असलेली गावं खोडत गेले. मध्य भारत पूर्ण गेला. महाराष्ट्र गेला. जयपूरला आईच्या चुलतभावाची मुलगी होती. जोधपूरलाही कोणीतरी निघालं. त्याच्या पलीकडे मात्र सगळं कोरं होतं.

तिथे जैसलमेर होतं आणि गावाच्या कडेला गडीसर नावाचं तळं. पिवळ्या दगडाच्या छत्र्या थेट पाण्यात उभ्या, काठाला पायऱ्या, लांबवर वाळवंट. सकाळच्या उजेडातला एक फोटो होता, त्यात एकही माणूस नव्हता. काठावर एक लहानसं हॉटेल होतं, खोल्यांच्या खिडक्या पाण्याकडे. मी त्या खिडक्यांकडे किती वेळ बघत बसले कोण जाणे.

रात्री जेवताना मी म्हटलं, "डिसेंबरात जैसलमेरला जाऊ या का? तिथे एक तळं आहे."

धाकटी बहीण ओरडलीच. "ताई बोली! सुना सबने? ताईने स्वतःहून काहीतरी म्हटलं!"

बाबांनी त्यांचा प्रश्न विचारला. मी चेहरा शक्य तितका कोरा ठेवून म्हटलं, "कोणी नाही, बाबा."

अख्खी पोळी संपेपर्यंत बाबा मनात फिरून आले. मग म्हणाले, "खरंच की गं. कोणीच नाही." झाडंच नसलेल्या मुलखाबद्दल बोलावं तसा आवाज होता. आई म्हणाली, "मग हॉटेलात राहावं लागेल," आणि दही आणायला आत गेली.

पुढचे दोन आठवडे फार मजेत गेले. बाबांनी चौघांसाठी कानटोप्या आणल्या, कारण वाळवंटात थंडी बेइमान असते असं त्यांना ऑफिसात कोणीतरी सांगितलं होतं. आईने दशम्या किती आणि तिखटमिठाच्या पुऱ्या किती, यावर विचार सुरू केला. हॉटेलला प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे आलं, कारण ते मेसेजवर करता येत होतं. बाबा मागे उभे राहून सांगत, "गरम पाणी किती वाजेपर्यंत, ते विचार. उशा किती देतात? आणि हे बघ, तळ्यात पाणी असतं ना? वाळवंटातलं तळं आहे, विचारलेलं बरं." मी तेही विचारलं. उत्तर आलं, "पूरा भरा है मैडम," आणि पुरावा म्हणून पाण्याचा ताजा फोटो. बाबांनी तो फोटो ऑफिसात सगळ्यांना दाखवला. डिसेंबरातल्या एका शुक्रवारपासून दोन खोल्या पक्क्या करायच्या एवढंच उरलं होतं.

आणि रविवारी सकाळी बाबा फूलबागेतून फिरून आले ते दारातूनच ओरडले, "मिळाला!"

"काय मिळाला?" आईने विचारलं.

"माणूस! जैसलमेरला!"

बाबांच्या मामेबहिणीची जाऊ इथे ग्वाल्हेरलाच, शिंदे की छावनीत राहते. आम्ही तिला काकू म्हणतो. तिचा मुलगा वर्षभरापूर्वी पवनचक्क्यांच्या कामावर जैसलमेरला गेला होता, बायकोला घेऊन. बागेत भेटलेल्या कोणीतरी ही बातमी दिली आणि बाबांनी तिथूनच काकूंना फोन केला होता. "इंतजाम झाला," ते हात पुसत म्हणाले. "घरच्यासारखं राहायचं आता."

मी आत जाऊन कानटोप्या उगाच पुन्हा घडी करून ठेवल्या.

संध्याकाळी काकू आल्या. बाबांनी हॉटेलचं नाव काढताच त्यांनी हात कानाला लावले. "हॉटेलात? माझा मुलगा तिथे असताना? दोन खोल्या आहेत, बाहेर पलंग आहे, अजून काय पाहिजे माणसाला?" मग माझ्याकडे वळून सुनेचा नंबर दिला. "तुम्ही मुली मुली बोलून घ्या. काय खाता, काय नाही, ते तिला सांगून ठेव."

मी तिला मेसेज लिहिला, पुसला, परत लिहिला. तिचं उत्तर लगेच आलं: "या ना, नक्की या!" पुढे पाच फुलं. त्यानंतर बराच वेळ तिच्या नावाखाली ती काहीतरी टाइप करत असल्याचं दिसत होतं, मग थांबायचं, मग परत. हे मला ओळखता येतं. मीही तेच करते. शेवटी आलं: "एक विचारू? राग नका मानू. तुम्हाला खरंच आमच्याकडे राहायचंय का?"

मी लिहिलं, "नाही."

इतका छोटा आणि इतका खरा मेसेज मी तोपर्यंत कोणाला पाठवला नव्हता. तिने डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे चार चेहरे पाठवले. दिवाळीपासून त्यांच्याकडे ग्वाल्हेरची तीन कुटुंबं येऊन गेली होती. "माणसं चांगली होती सगळी," तिने लिहिलं, "पण मी मागच्या वेळी बाथरूममध्ये जाऊन पुस्तक वाचत बसले. प्लीज आईंना सांगू नका हं मी असं म्हणाले."

म्हणजे आता कारण द्यायचं तर माझंच द्यावं लागणार होतं. तिचं नाव घेता येणार नव्हतं.

दोन दिवस मी काहीच बोलले नाही. बहीण म्हणाली, "तू बोल ना यार, बाबा मान जाएंगे."

"तू सांग."

"मैं क्यों? मला तर कुठेही झोप लागते." हे खरं होतं.

मंगळवारी आई बॅगा काढून बसली होती. एका बॅगेत तिने सगळ्यात खाली एक विटकी सुती साडी ठेवली. पदरावर हळदीचे डाग होते. मी विचारलं, "ही कशाला?"

"कामाची साडी आहे ती," आई म्हणाली. "चार दिवस लोकांच्या घरी राहायचं तर हातभार नको लावायला? ती पोर एकटी किती करील?"

ती साडी इंदूरला आली होती, बडोद्याला आली होती, पुण्याला तर दरवर्षी. आमच्या प्रत्येक सहलीच्या फोटोंत बाबा आहेत, मी आहे, बहीण जीभ बाहेर काढून आहे. मागे किल्ला, नाहीतर देऊळ. आई नाही. मला नेहमी वाटायचं, फोटो ती काढत असेल. पण फोटो तर कोणी काका, मामा नाहीतर रस्त्यावरचं कोणीतरी काढायचं. आई त्या वेळी कुठेतरी कुकरच्या शिट्ट्या मोजत असायची.

त्या रात्री पानं वाढून झाल्यावर मी म्हटलं, "बाबा, मला त्यांच्याकडे नाही राहायचं. तळ्यावरच्या हॉटेलात राहायचंय." आवाज जरा मोठाच निघाला.

बाबांचा घास तिथेच थांबला. "का? काय कमी आहे त्यांच्यात?"

"काही कमी नाही. मला चार दिवस कोणाशी ठरवून बोलावं लागू नये, एवढंच पाहिजे. म्हणून तर मी नकाशात शोधून शोधून ते गाव काढलं."

"म्हणजे?" बाबांना समजायला थोडा वेळ लागला. "आपलं कोणी नाही, म्हणून जैसलमेर?"

"हो."

त्यांनी घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "आम्ही आलो तर चालेल ना तुला? की आम्हीही नकोत?"

ते चिडवत होते की दुखावले होते, मला कळेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बहिणीने पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "बाबा, आप लोग अलाउड हो. टेन्शन मत लो."

तेवढ्यात आई भाजी वाढता वाढता म्हणाली, "मलाही हॉटेलातच राहायचंय."

आम्ही तिघंही तिच्याकडे बघायला लागलो.

"मला सकाळी उठून नुसतं बसायचंय. कोणीतरी आणून दिलेला चहा प्यायचाय. कप विसळायचा नाहीये."

"तू कधी बोलली नाहीस," बाबा म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही विचारता, तिथे कोण आहे. कोणाला काय हवंय, ते कुठे विचारता?"

बाबांनी ताकाची वाटी उचलली. ताक पिऊन झाल्यावर म्हणाले, "मग त्या दोघांना आपण एके दिवशी हॉटेलात जेवायला बोलावू. तळ्याच्या काठी. ते बरं दिसेल." एवढं ठरवल्यावर त्यांचा चेहरा जरा उजळला, यजमान होणं त्यांना पाहुणा होण्याइतकंच आवडतं, हे त्यांना नव्यानेच कळत होतं. "पण काकूंना कोण सांगणार?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी स्कूटर शिंदे की छावनीकडे वळवली. वाक्य पाठ करून ठेवलं होतं. काकूंनी दार उघडलं. मुलासाठी न्यायच्या डिंकाच्या लाडवांचा डबा आणि मेतकुटाची बरणी पिशवीत तयारच होती.

"काकू, आम्ही हॉटेलात राहणार आहोत," मी उभ्या उभ्याच म्हटलं. "माझ्यामुळे. मला कोणाच्या घरी राहायचा फार संकोच होतो. लाडू आम्ही नेऊन देऊ."

काकूंनी पिशवीची गाठ मारली, सोडली, परत मारली. मला वाटलं, आता बाबांना फोन जाणार.

"मी गेले होते गणपती झाल्यावर," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवसांसाठी म्हणून. सहाव्या दिवशी परत आले. भांडणबिंडण काही नाही हं. ती दिवसभर माझ्या मागे, आई काय हवं. मी दिवसभर तिच्या मागे, अगं बस जरा. दोघी दमलो. बाहेरचा पलंग तर इतका टोचतो."

"तुम्हीच म्हणालात, अजून काय पाहिजे माणसाला."

"असं म्हणायचं असतं," काकू म्हणाल्या आणि आम्ही दोघी हसलो. मग त्यांनी आवाज हळू केला. "त्या हॉटेलात एकट्या बाईला देतात खोली?"

"देतात की."

"किल्ली आपल्याजवळ राहते?"

"हो. आतून कडीही असते."

"म्हणजे दिवसा मुलाकडे जायचं, नि झोपायला आपल्या खोलीत." त्यांनी पिशवीची गाठ पुन्हा सोडून बरणी बाहेर काढली. "तुझ्या बाबांना विचार बाई, मी आले तर चालेल का."

ज्या गावात आमचं कोणी नको म्हणून मी एवढा खटाटोप केला, तिथे आता ग्वाल्हेरहूनच माणूस बरोबर निघालं होतं, लाडवांसकट. मी नेहमीच्या धास्तीची वाट पाहिली. ती आली, पण लहानशी आली.

"बाबांना कशाला विचारायचं? बुकिंग मी करतेय," मी म्हटलं आणि तिथूनच फोन लावला. मेसेज नाही, फोन.

"भैया, दो नहीं, तीन कमरे चाहिए. तीनों तालाब की तरफ़."

तो म्हणाला, शुक्रवारपासून तळ्याकडच्या दोनच खोल्या आहेत. तिसरी मागची, रस्त्याकडे खिडकी असलेली. मी काकूंना सांगितलं.

"मला काय, रस्त्याकडची चालेल," काकू म्हणाल्या आणि पदराने उगाच बरणीचं झाकण पुसायला लागल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं.

"नहीं भैया," मी म्हटलं, "सोमवार से देखिए."