परात कुणी ठेवून घेतली?

कमलअक्का गेल्याचं मंठाळहून आलेल्या बसच्या कंडक्टरनं सांगितलं. मी तेव्हा दुकानात एका गिऱ्हाइकाला सळ्या मोजून देत होतो. "तुमच्या मास्तरीणबाई पहाटे गेल्या, भैणीच्या घरी," एवढंच तो बोलला आणि बसकडे पळाला. माझी मोजणी चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं... त्याला आता महिना झाला. गावची बारव आज शाबूत आहे ती अक्कांमुळे, आणि ते कुणीतरी नीट लिहून ठेवायला हवं. मला सजवून लिहिता येत नाही. झालं तसं सांगतो.

अक्का मराठी शाळेत शिकवायच्या. त्यांच्या वडिलांनी छप्पन्ननंतर लगेचच बौद्ध धम्म घेतला, त्यांचं घर वेशीबाहेरच्या वस्तीत. माझं घर बसवण्णांना मानणाऱ्या व्यापाऱ्यांच्या गल्लीत. वयानं त्या मोठ्या, तरी मला अण्णाच म्हणायच्या. आमची मैत्री जमली ती बारवेच्या भांडणातून. म्हैसूरचं कर्नाटक होऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. नळ आले, तसा बारवेत लोक कचरा टाकू लागले, गाळ दोन पुरुष चढला. पंचायतीनं ती बुजवून वर दुकानांचे गाळे काढायचं ठरवलं. आम्ही दोघं विरोधात उभे राहिलो, तेव्हा उत्तर मिळालं की पावसाळ्याआधी गावानं स्वतः गाळ काढला तर बारव ठेवू, नाही तर मुरूम पडेल.

बारवेची एक जुनी गोष्ट आमच्याकडे सगळे सांगतात. लग्न निघालं की आदल्या संध्याकाळी शेवटच्या पायरीवर हळदीकुंकू आणि सुपारी ठेवायची, लागतील ती भांडी मागायची. सकाळी तांब्याची भांडी पायरीवर तयार. लग्न उरकलं की घासून परत ठेवायची. पुढं एका घरानं परात ठेवून घेतली, आणि बारव रुसली ती कायमची. लोकांना ओढ वाटावी म्हणून ही गोष्ट बारवेच्या दाराशेजारच्या भिंतीवर रंगवायची असं ठरलं. बारवेच्या कट्ट्यावर सगळे जमले आणि आमच्या गल्लीतले सर्वांत वडील गुरुलिंगअप्पा गोष्ट सांगू लागले. शेवटी म्हणाले, "मग वेशीबाहेरच्या एका बाईनं परात लपवली."

गोष्ट मीही तशीच ऐकत आलो होतो. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. अक्का मात्र उठून उभ्या राहिल्या.

"अप्पा, माझी माय इथं वर कठड्यापाशी घागर घेऊन बसायची. कुणी वाढलं तर पाणी. तिला पायरी उतरू देत न्हवते तुमी. मग परात तिनं न्हेली कशी? का परातच चालत वर आली?"

मागं कुणीतरी हसलं. अप्पा चिडले. "बाई, ही म्हाताऱ्यांची गोष्ट हाय, पोरांची पाटी न्हाई पुसायला. कामून वाढवायलाव? मग कुणाचं घर घालायचं त्यात?"

"ज्यानं सांगावी त्यानं आपलं घालावं," अक्का म्हणाल्या. "ते व्हईस्तोवर आमच्या वस्तीतलं टोपलं बारवेत उतरणार न्हाई."

आणि खरंच उतरलं नाही. आमच्या गल्लीतली मोजकी माणसं खपत होती आणि मृग जवळ येत होता. मी अक्कांना जाऊन म्हटलं की एका ओळीपायी बारव जाईल. त्या वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, की ती ओळ भिंतीवर चढली तर आमच्यासाठी बारव गेल्यातच जमा, अण्णा... त्यांना समजावता येईना, म्हणून मी हिशेब घेऊन अप्पांकडे गेलो. एवढा गाळ, एवढी माणसं, पाऊस आधी पडतो. अप्पांनी तो दोनदा करायला लावला.

दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत शेवटच्या पायरीपर्यंत उतरले. दोन्हीकडची माणसं वर जमली होती. तिथूनच ते मोठ्यानं म्हणाले, "परात माझ्या आज्जीनं ठेवली. झालं?"

वस्तीतला एक म्हातारा वरून म्हणाला, "तरीच तुमच्या घरच्या पोळ्या एवढ्या मोठ्या!" अप्पा स्वतःच हसले. त्याच दुपारी वस्तीतली टोपली उतरली. मृगाचा पहिला थेंब पडला तेव्हा तळाची फरशी उघडी होती. भिंतीवर गोष्ट रंगवली, परात कुणाच्या घरी राहिली तेवढी जागा मोकळी सोडून. सांगणाऱ्यानं आपलं घर घालायचं.

पुढं अक्का दरवर्षी शाळेची पोरं बारवेवर आणायच्या. एकदा मी तिथं होतो. त्या म्हणाल्या, "आन् ती परात ऱ्हायली माझ्या घरात." एक मुलगी लगेच म्हणाली, "बाई, पण तुमाला तर उतरू देत न्हवते."

"आता उतरतो की," अक्का म्हणाल्या. "आता माझ्याबी घरात सापडंल."

परवा संध्याकाळी बारवेवर गेलो होतो. शाळा सुटलेली, दोन्हीकडची पोरं पायऱ्यांवर बसून भांडत होती. परात आमच्या घरी हाय. न्हाई, आमच्या घरी हाय. माझ्या आज्जीनं पलंगाखाली लपवली... मला बघून त्यांनी सरकून जागा केली. मीही एका पायरीवर बसलो आणि म्हटलं, "तुमी सगळे खोटं बोलायलाव. परात माझ्या घरी हाय."