आठव्या राउटरवरचं कुंकू

एका सोमवारी दुपारी उचगावातल्या मुलींच्या वसतिगृहात, जिन्याखाली काम करत असताना माझे यजमान गेले.

ते वायफायची यंत्रं बसवत. मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते. वसतिगृहातले अकरा राउटर त्यांनीच बसवले होते. वायफायच्या सुरक्षेत एक खिंडार सापडलं होतं. भिंतीबाहेर उभं राहून कुणालाही आत डोकावता आलं असतं. ते बुजवणारं अपडेट एकेका राउटरमध्ये घालायचं होतं. "मधेच वीज गेली, की राउटर मेला," असं ते जेवताना सांगत. काम पुरं झालेल्या राउटरला ते कुंकवाचं बोट लावत, खंडेनवमीला अवजारांना लावतात तसं. कुंकू माझ्या करंड्यातलं, कागदाच्या पुडीत नेलेलं.

महिन्यानंतर वसतिगृहाच्या बाईंचा फोन आला. "वैनी, दुसरा माणूस काय मिळंना. जमंल काय वो तुमास्नी? पर नेट बंद पडलं तर पोरी मला जित्ती सोडायच्या न्हाईत, सांगून ठेवती."

नाही म्हणणार होते. पण त्या मुलींच्या भिंतीबाहेर कुणी उभं असेल, हा विचार जाईना. यजमानांच्या वहीतल्या सूचना मी दोनदा उतरवून काढल्या आणि त्यांची पिशवी घेऊन गेले.

सात राउटरवर लाल ठिपके होते. जिन्याखालच्या आठव्यावर नव्हता. अपडेट अर्ध्यावर राहिलं असेल, तर ते कोसळले तेव्हा काम चालू होतं. मला ते कळायला नको होतं. तरी लॅपटॉप उघडला. पासवर्ड दोनदा चुकला.

"आदी घाम पुसा," बाई म्हणाल्या. "बाँब न्हाय की त्यो."

पडद्यावरचा आवृत्तीचा आकडा मी वहीतल्या नव्या आवृत्तीच्या आकड्याशी ताडून पाहिला. तोच होता. काम पुरं झालं होतं. फक्त बोट लावायचं राहिलं होतं.

नववा झाला. दहाव्याला मी पडद्याकडे बघूच शकले नाही. वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिले. पंखा फिरतोय तोवर वीज आहे. अर्ध्यात पंखा मंदावला आणि थांबला. माझ्या तोंडून किंकाळी निघाली.

"अगं बाई! मीच बंद केला," बटणापाशी उभ्या बाई म्हणाल्या. "थरथरायला लागलासा, वाटलं थंडी वाजतीया."

राउटरवरचा दिवा चालू होता. राउटर जिवंत होता. त्यानंतर अकरावाही झाला.

मी पिशवीतून पुडी काढली आणि तशीच उभी राहिले. बाईंनी माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग पुडीकडे.

"लावा की. त्यांनीच आणल्यालं हाय."

मी चार ठिपके लावले. आठव्याचा सगळ्यांत शेवटी. तो थोडा पसरला.

वसतिगृहात आता अकरा ठिपके आहेत. पुडीत थोडं कुंकू उरलं आहे. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी, त्यांच्या वहीत ती पुडी आहे.